सैल कासरा

मामा जतहून पुण्याला आले ते डोळ्यांसाठी. काचबिंदू आहे, दाब वाढलाय, थेंब बदलून पुन्हा तपासू, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दोन दिवसांचा मुक्काम तीन आठवड्यांचा झाला. त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघं बहुतेक एकाच विषयावर बोललो: हरणीनं पट्टा न ओढता चालायला कसं शिकावं. मामांची हयात बैलांमागं गेली. मला या एका कुत्रीनं आठ महिन्यांत जे शिकवलं, तेवढंच ठाऊक.

हरणी कारवानी आहे, चौदा महिन्यांची. सीमेपलीकडं कर्नाटकात याच कुत्र्यांना मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली आणि २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळचंही एक होतं. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. दूर कुठं काही हललं की त्यामागं सुटायचं, हेच तिच्या वाडवडिलांचं काम. एका कुटुंबानं हौसेनं आणली, ती सहा महिन्यांची असताना झेपेना म्हणून माझ्याकडं आली, कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

पहिल्या सकाळी हरणीला फिरवून आणलं तेव्हा मामा खाली बाकावर उन्हात बसले होते. त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला. तळव्यावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता.

"रुमणं धरून हाताला घट्टं पडत्यात," ते म्हणाले. "ह्यो घट्टा न्हाई. ही ओढाताण हाय. एक हिसका दे तिला. एकदाच, पर असा दे की पुन्यांदा ओढायचं नाव काढायची न्हाई."

"दिलाय, मामा. मी नाही, दुसऱ्यानं."

मग मी त्यांना साखळीची गोष्ट सांगितली. चार महिन्यांपूर्वी एक शिकवणारे घरी यायचे. त्यांनी हरणीच्या गळ्यात सरकती साखळी घातली. ती पुढं गेली की खटकन हिसका. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, जादू झाली. त्यांच्या शेजारून ती मान खाली घालून चालायची. तिसऱ्या आठवड्यात मी एकदा ती साखळी खुंटीवरून काढली. कड्या एकमेकींवर घासून किणकिण झाली, आणि सोफ्याखालून हरणी बाहेरच येईना. कान मागं, पोट फरशीला टेकलेलं. याहून वाईट झालं ते रस्त्यावर. पूर्वी दुसरं कुत्रं दिसलं की ती शेपूट हलवत ओढायची. आता दिसताच भुंकून अंगावर जायला लागली. तिच्या लेखी हिशेब सरळ होता: समोर कुत्रं आलं की गळा दुखतो. ओढणं तिच्या मनात कुठंच नव्हतं. गळा दुखणं आणि समोरचं कुत्रं, एवढीच जोडी तिनं लावली.

"शिकवणारा कच्चा असंल," मामा म्हणाले.

"नसेलही. ही पद्धतच जुनी आहे. जर्मनीत कॉनराड मोस्ट नावाचे पोलिसी कुत्री शिकवणारे गृहस्थ होते. त्यांचं पुस्तक १९१० सालचं. हिसक्यानं शिकवायची ही रीत लष्करातून आणि पोलिसांतून पुढं घराघरांत आली. त्यांना पोलिसी कुत्रं तयार करायचं होतं. मला दूध आणायला जाताना सोबत चालणारी हरणी हवीय."

"कुत्रं असू दे न्हाईतर बैल, धाक लागतोच. कळपात एक म्होरक्या असतोय. लांडग्यात बघ."

लांडग्यांचा मुद्दा येणार हे मला ठाऊक होतं, कारण तो सगळेच काढतात. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एका आवारात कोंडलेले लांडगे आपसांत भांडत होते, आणि त्यावरून कळपाचा म्होरक्या ही कल्पना पसरली. डेव्हिड मेच या शास्त्रज्ञांनी आपल्या १९७० च्या पुस्तकात तीच कल्पना घेतली होती. पुढं जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ साली त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक जोडपं आणि त्यांची पिल्लं. ज्याला म्होरक्या म्हणायचं तो बाप असतो आणि जिला म्होरकी म्हणायचं ती आई.

मामांनी हे नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे आईबाप. मग आईबाप धाक दावत न्हाईत व्हय?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. माझ्या आईचा, म्हणजे त्यांच्या बहिणीचा, धाक आम्हा सगळ्यांना होताच. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढचे काही दिवस लागले, आणि तेही मी एकटीनं दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर मामा थेंब घालून डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, "मामा, आज तुमच्या डोळ्यातला दाब मोजला ना? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब असाच मोजला होता. गळपट्टा घातलेलं कुत्रं ओढायला लागलं की दाब वाढायचा. छातीवरून येणारा हार्नेस घातला तर तसा वाढायचा नाही."

मामांनी डोळे मिटलेलेच ठेवले. हरणी खाटेशी झोपली होती. त्यांचा हात खाली आला, तिच्या मानेवरून फिरला, गळ्याशी थांबला.

"साखळी टाकून दे," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर छातीवर पट्टा म्हंजे तरी काय? घोडं टांगा छातीनंच वढतंय. तू तर तिला वढायला सोपं करून देतीस."

हे अगदी खरं होतं. अलास्कात बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री हार्नेसमध्येच असतात, कारण भार गळ्यावर न येता अंगभर वाटला जातो. पट्टा पाठीवरच्या कडीला लावला तर हरणीसारखी कुत्री आरामात ओढते. म्हणून मी छातीवरच्या, पुढच्या कडीला लावते. ती जोरात पुढं गेली की अंग आपोआप माझ्याकडं वळतं. पण हार्नेस काही शिकवत नाही, शिकवायला वेळ मिळवून देतो. पट्टा साधा घ्यावा, सहा फुटांचा. बटण दाबलं की आत-बाहेर होणारे दोरीचे पट्टे मिळतात, ते मला पटत नाहीत. त्यात दोरी कायम ताणलेली राहते, आणि ताण म्हणजेच चालणं असा धडा कुत्रं गिरवतं.

"मग शिकवतीस तरी कसं?" मामांनी विचारलं.

मी त्यांना घरातल्या बोळकांडीत नेलं. रस्त्यावर शिकवायची सुरुवात मी केली होती आणि फसले होते. ओढलं की झाडासारखं थांबायचं, पट्टा सैल झाला की निघायचं, असं सगळे सांगतात. शांत कुत्र्याला ते पुरतं. हरणी मात्र गेटपाशी वीस मिनिटं उड्या मारत राहिली, पट्टा दातांनी फाडायला लागली. काय करू नये हे थांबण्यातून तिला कळत होतं. काय करावं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मग बोळकांडी. इथं मांजर नाही, स्कूटर नाही, वास नाहीत. मी एक पाऊल टाकलं. हरणी गुडघ्याशी आली, पट्ट्याला खाली झोळ पडला. त्याच क्षणी मी "हां!" म्हटलं आणि शिजवलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा सलवारीच्या शिवणीला टेकवून दिला. तुकड्याचा हात पुढं केला तर ती पुढं येऊन उभी राहते. शिवणीशीच मिळतो म्हटल्यावर ती शिवणीशीच येते. दुसरं पाऊल. हां. मग तीन पावलांनी. मग पाच.

"पावलं मोजतीस?"

"मोजते. काल अकरा झाली."

"खाऊ दावून चालवलेलं कुत्रं, खाऊ सरला की चालायचं न्हाई."

"दाखवत नाही, मामा. हात रिकामा असतो. आधी चालते, मग मिळतो. कॅरन प्रायर म्हणून अमेरिकेत एक बाई होत्या. आधी त्यांनी डॉल्फिनांना शिकवलं. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, हिसका देता येत नाही. नको वाटलं तर तो पोहून जातो. जे हवं ते घडलं की त्याच क्षणी शिट्टी आणि मग मासा, एवढ्यावरच शिकवावं लागतं. तीच रीत त्यांनी कुत्र्यांसाठी सांगितली, १९८४ च्या पुस्तकात. माझं 'हां' म्हणजे ती शिट्टी."

"माझा बैल औत सुटल्यावर पेंड खातोय. दर तासाला घास मागत न्हाई."

शेतातला तास, म्हणजे नांगराची रेघ. मी म्हटलं, "बैल नाही. खोंड. तुम्ही नवा खोंड कसा धरता औताला?"

मामा जरा सावरून बसले. पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं तेच वाटलं.

"पैल्या दिशी औत न्हाईच. अंगणात मानेवर नुसतं जू ठेवायचं, जुन्या बैलासंगं. घटकाभर. मग काढायचं अन् गुळाचा खडा. दुसऱ्या दिशी जू घेऊन चार पावलं. चार दिवसांनी मागं लाकडाचा ओंडका बांधायचा, हलका. त्यो बुजला तर थांबायचं. बुजलेल्याला मारायचं न्हाई. माझा बा म्हणायचा, मार खाल्लेला बैल माणसाकडं बघून चालतो, तासाकडं बघून न्हाई. माणूस बाजूला झाला की थांबला. अन् कासरा? कासरा हातात असतोय, पर बैलाला तो कळाय नगं. ताण आला तर वळायचं हाय एवढंच. सरळ तासाला कासऱ्याला झोळ पायजे. कासरा ताणून औत हाकणारा गडी दुपारपातूर दमतो, अन् बैल बी."

"गुळाचा खडा," मी म्हटलं.

"ते पैल्या दिशी."

"हरणीचा रस्त्यावर अजून पहिलाच दिवस आहे, मामा."

ते हसले नाहीत. बराच वेळ बोळकांडीच्या टोकाला उभ्या असलेल्या हरणीकडं पाहत राहिले.

त्या संध्याकाळी ते आमच्याबरोबर खाली आले. गेटपासून शंभर पावलांवर एक केळीवाला बसतो, त्याच्या गाडीखाली एक भुरं गावठी कुत्रं असतं. हरणीला ते दिसायच्या आत मामा मागून म्हणाले, "थांब. आता काय केलंस?"

"काही नाही."

"हाताकडं बघ."

मी पाहिलं. पट्टा मी तळव्याभोवती दोन वेढे घेऊन धरला होता. कोपर मागं गेलेलं, मूठ पोटाशी. पट्टा तारेसारखा ताणलेला. आणि हरणी अजून शांतपणे कचऱ्याच्या डब्याचा वास घेत होती. तिनं काहीच ओढलं नव्हतं.

"तुला ते कुत्रं आधी दिसलं. तू आधी ताणलंस. तिला काय कळणार? मालकीण घाबरली, म्हंजे फुडं काहीतरी हाय. मग ती बी वढणार. कोण वढतंय, सांग बघू?"

तळव्यावरचा वळ कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं. चार महिने मी तिच्या गळ्याचा विचार करत होते, तिच्या छातीचा, तिच्या नाकाचा, आणि माझ्या मुठीकडं एकदाही पाहिलं नव्हतं. मामांचे डोळे कमजोर आहेत. पण कासरा कुठं ताणला जातो, हे त्यांना पाहावं लागतच नाही.

त्यांनी पट्टा हातात घेतला. वेढे सोडवले. टोकाची कडी अंगठ्यात अडकवली आणि उरलेला पट्टा बोटांवर नुसता ठेवला, जसा पाण्यात हात ठेवावा. हरणी चालायला लागली, तर ते तिच्याबरोबर चालले. भुरं कुत्रं दिसलं तेव्हा ते थांबले नाहीत की पट्टा आवळला नाही. नुसता खांदा वळवला आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले. पट्ट्याला झोळ तसाच होता. हरणीनं कान टवकारले, एकदा वळून पाहिलं, आणि त्यांच्या मागं गेली. मी पळत जाऊन तिला दोन तुकडे दिले. मामांनी अडवलं नाही.

यावरून आमचं सगळं पटलं असं कुणी समजू नये. दोन गोष्टींवरून वाद शेवटपर्यंत राहिला.

एक खाऊचा. मामांचं म्हणणं, कोंबडी फार होते, भाकरीचा तुकडा पुरे. मी म्हणते, बोळकांडीत भाकरी चालेल, पण केळीवाल्यापाशी भाकरीला काय किंमत? जिथं मोह मोठा तिथं मोबदलाही मोठा हवा. मात्र दिलेली कोंबडी रात्रीच्या जेवणातून वजा करायला त्यांनी लावली आणि ते योग्यच होतं. मोबदला खाण्याचाच असावा असंही नाही. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलं होतं की जे मनापासून करावंसं वाटतं, ते कमी आवडणाऱ्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. हरणीला सोसायटीच्या गुलमोहराचं बूड हुंगायचं असतं. दहा पावलं पट्टा सैल राहिला की मी "जा, हुंग" म्हणते आणि तिच्याबरोबर तिथं जाते. ओढून मात्र ते झाड तिला कधीच मिळत नाही. यावर मामा म्हणाले, "कधीच? संध्याकाळी तुजा ल्योक फिरवतो. त्यो मोबाईल बघत चालतो, अन् ही वढून नेती त्याला पाहिजे तिथं. सकाळी एक कायदा अन् संध्याकाळी दुसरा."

मी मुलाशी बोलले. दहादा ओढून काही मिळालं नाही आणि अकराव्यांदा मिळालं, तर ओढणं सुटत नाही, उलट पक्कं होतं. मामांनी ते मटक्यावरून समजावलं: एकदा आकडा लागला की माणूस शेत इकंल पण मटका सोडायचा न्हाई. मुलाला मटका ठाऊक नव्हता, तरी त्यानं मोबाईल घरी ठेवायचं कबूल केलं.

दुसरा वाद मोठा होता आणि मामांच्या बोलण्यात खेद होता. "तुमी सगळी पट्टा सैल करायला शिकवता. पर पट्टा मुळात कशाला? माझी कुत्री माळावर मोकळी असत्यात. मी रानात चाललो की मागं येत्यात, कुणी शिकवलं न्हाई. कारवानी कुत्रं म्हंजे माळावरचं वारं. त्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडून वर म्हणायचं, हळू चाल."

मी इथं रहदारी सांगितली, कायदा सांगितला, रस्त्यावर घाबरणारी मुलं आणि म्हातारी माणसं सांगितली. हे सगळं खरं आहे आणि पट्टा सोडता येणार नाही, हेही खरं आहे. पण ज्या कुत्रीला वाऱ्यासारखं धावायला बनवलंय, तिचं धावणं तिला कुठंच मिळालं नाही, तर ते पट्ट्यात उतरणारच. शिकवण्याची कुठलीही रीत घेतली तरी ही भूक उरतेच. इथं मामांचं मला मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना घशाशी आलं.

दुसऱ्या दिवशी मामा रिक्षानं बोहरी आळीत गेले आणि सुती दोरी घेऊन आले, तीस फूट. गॅलरीत बसून त्यांनी तिच्या एका टोकाला न सरकणारी गाठ मारली, दुसऱ्या टोकाला हातात धरायला फेर केला. शनिवारी पहाटे आम्ही तिघं वेताळ टेकडीवर गेलो. वर पोचलो तेव्हा कासराभर दिवस आला होता. लहान पट्टा काढून मी ती दोरी हरणीच्या हार्नेसला, पाठीवरच्या कडीला लावली, म्हणजे पळताना पायात येणार नाही. ती सुटली. तीस फुटांत मोठा वेढा घेत धावली, माझ्याभोवती, मामांभोवती, पुन्हा माझ्याभोवती. लांब कुठं मोर ओरडला तशी ती जागच्या जागी थांबली, एक पुढचा पाय उचललेला, नाकपुड्या फुगलेल्या. मामांनी दोरी ताणली नाही. मीही नाही. ती आपणच वळून आमच्याकडं आली आणि मातीत अंग टाकून धापा टाकत पडली. उतरताना लहान पट्ट्यावर तिनं चौतीस पावलं ओढलं नाही. मी मोजली. मामाही मोजत होते, त्यांची एक कमी भरली.

पुढच्या आठवड्यात डोळ्यातला दाब उतरला आणि मामा स्वारगेटहून एसटीनं गेले. आता ते रोज सकाळी फोन करतात. थेंब घातले, एवढं सांगतात आणि लगेच विचारतात.

"आज किती?"

"सत्तेचाळीस."

"अन् मग?"

"मांजर. पंपाच्या खोलीवर बसलं होतं."

"मूठ कशी हुती?"

"आधी आवळली. मग सोडली."

पलीकडं थोडा वेळ नुसता वारा ऐकू येतो. ते माळावर असावेत.

"उद्या पंपाच्या अलीकडंच वळ," मामा म्हणतात. "अन् कोंबडी कमी कर."